'गेलो होतो' आणि 'हॅड गॉन': इंग्रजीतल्या चुकांची पार्श्वभूमी

'आय हॅड गॉन टू पन्हाळा ऑन संडे.' कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या शिकवणीत हे वाक्य दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या वहीत येतंच. लाल पेनानं 'हॅड गॉन' खोडायचं, वर 'वेंट' लिहायचं, झालं काम, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. पण पोरानं मराठीत अगदी बरोबर विचार केलेला असतो. 'रविवारी पन्हाळ्याला गेलो होतो' हे वाक्य मराठीत तेवढ्यावरच पुरं होतं. इंग्रजीत 'हॅड गॉन' म्हटलं, की त्याच्या नंतर काय घडलं याची वाचणारा वाट बघत बसतो.

ही सवय एका मुलाची नाही, तिला दीडशे वर्षांची शिकवण्याची रीत कारण आहे. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं, 1880 मध्ये कोल्हापुरात राजाराम कॉलेज सुरू झालं, आणि इंग्रजी ही नोकरीची किल्ली ठरली. ती हाती यायची भाषांतरातून. तर्खडकर भाषांतर पाठमाला या मराठीतून इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांवर कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या अभ्यासानं व्याकरण पक्कं झालं हे खरंच. पण प्रत्येक मराठी शब्दाला इंग्रजीत एक जोडीदार असतो, असंही मनात बसलं. मग 'विषयावर चर्चा केली' याचं 'डिस्कस्ड अबाउट' होतं, 'मला माहीत आहे' याचं 'आय ॲम नोइंग'. 'ए', 'ॲन', 'द' यांना तर मराठीत जोडीदारच नाही, म्हणून ते गळतात किंवा नको तिथं येऊन बसतात.

पुढं 1930च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक आलं. त्याच्या जोरावर 'चूक दुरुस्त करा' हा प्रश्न परीक्षेत कायमचा रुजला. चूक कुठं आहे ते कळायचं. ती का होते, हे कुणी विचारत नव्हतं.

स्वल्पविरामाची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. जुने मोडी कागद पाहा, शब्द न तोडता ओळ पुढं चालत राहते, विरामचिन्हं नाहीत. मराठीत ती छापखान्याबरोबर रुळली, आणि त्यात मेजर थॉमस कँडी या मराठीचा अभ्यास केलेल्या इंग्रज अधिकाऱ्याचा मोठा हात आहे. 1850 मध्ये त्यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहिली. म्हणजे चिन्ह इंग्रजीतून आलं, पण आपण ते आपल्या बोलण्याच्या लयीला जुळवून घेतलं. 'पोराला शाळेत सोडलं, गिरणीत दळण टाकलं, स्टँडवर येतोय तोवर एसटी गेली.' मराठीत हे उत्तम वाक्य आहे. इंग्रजीत पुरी वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडली तर ती चूक धरतात. तिथं पूर्णविराम हवा, अर्धविराम हवा, नाहीतर 'अँड', 'बट' असा एखादा जोडशब्द.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू होई, पुढं ती पाचवीवर आली आणि 2000 पासून पहिलीत. आठवीत एबीसीडी गिरवलेल्या माणसांनी अर्ज, अहवाल लिहीत आयुष्य काढलं. त्यांच्या इंग्रजीला हसणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

1958 मध्ये हैदराबादला इंग्रजी शिकवण्यासाठी केंद्रीय संस्था निघाली. नंतर तिचे संचालक झालेले कन्नड साहित्यिक वि. कृ. गोकाक त्याआधी आपल्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य होते. व्याख्या पाठ करण्याऐवजी वाक्यरचनांचा सराव, हा विचार त्या काळात शिक्षकांपर्यंत पोचू लागला. 1967 मध्ये पिट कॉर्डर या भाषावैज्ञानिकानं मांडलं, की शिकणाऱ्याची चूक ही त्यानं भाषा किती आणि कशी आत्मसात केलीय याची खूण असते. नुसत्या हलगर्जीपणानं झालेली चूक वेगळी, आणि मनात नियमच दुसरा बसल्यामुळं झालेली चूक वेगळी. 'हॅड गॉन' दुसऱ्या प्रकारातलं.

त्यामुळं आता मी खोडत नाही. चुकलेल्या वाक्याशेजारी समासात मूळ मराठी वाक्य लिहायला सांगते. परवा एका मुलीनं 'गेलो होतो'मधल्या 'होतो'भोवती पेन्सिलीनं गोल काढला, थोडा वेळ वहीकडं बघत बसली आणि म्हणाली, "मॅडम, ह्याचंच हॅड झालंय की!" मग 'वेंट' तिचं तिनंच लिहिलं.