पगारावर जप्ती आल्यास: मालक आणि नोकरदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्ही ज्या लहान कारखान्यांची आणि दुकानांची पगारपत्रके सांभाळतो, तेथील मालक आणि नोकरदार या दोघांसाठी हे पत्रक आहे.

थकीत कर्जाचे पत्र आले की ते कोणी पाठवले आहे, हे सर्वप्रथम पाहावे. बँकेच्या किंवा वसुली एजंटाच्या नुसत्या पत्रावरून पगार जप्त होत नाही. सर्वसाधारणपणे त्यासाठी दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा (दाव्यातील निकालाचा औपचारिक आदेश) आणि दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या अर्जात) निघालेला जप्तीचा आदेश लागतो. सहकारी पतसंस्थेचे मात्र वेगळे आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला (थकबाकी वसूल करण्याचा अधिकृत आदेश) मिळाला की संस्थेला दिवाणी दावा लावावा लागत नाही, आणि सभासदाने कलम ४९ प्रमाणे पगारातून कपातीचा करार लिहून दिला असेल, तर संस्थेच्या मागणीनुसार मालकाला कपात करावी लागते. जामीनदाराची जबाबदारीही कर्जदाराइतकीच असते, आणि ओळखीखातर सही करणाऱ्या अनेकांना हे पगार कापला गेल्यावरच कळते, याची आम्हाला खंत वाटते.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार, पोटगीचा हुकूमनामा वगळता, पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत. म्हणजे ३१,००० रुपये पगारातून दरमहा जास्तीत जास्त १०,००० रुपये जातात. एकाच हुकूमनाम्यापोटी जप्ती एकूण २४ महिने चालली, की त्या हुकूमनाम्यासाठी पगार पुन्हा जप्त होत नाही, मात्र उरलेले कर्ज माफ होत नाही. मजुरांची मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी यांना संरक्षण आहे.

न्यायालयाचा आदेश मिळूनही मालकाने पूर्ण पगार दिला, तर आदेशाविरुद्ध दिलेल्या रकमेला तो स्वतः जबाबदार ठरतो. म्हणून आदेश येताच त्याची प्रत आमच्याकडे पाठवावी.

नोकरदाराने नोटीस परत पाठवू नये आणि तारीख चुकवू नये. समन्स रीतसर मिळालेच नसेल आणि हुकूमनामा एकतर्फी, म्हणजे नोकरदाराच्या गैरहजेरीत, झाला असेल, तर तो कळल्यापासून ३० दिवसांत रद्द करण्याचा अर्ज करता येतो. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना तेथे उत्पन्नाची अट नाही. हुकूमनाम्यानंतर तडजोड करून धनकोला (ज्याचे देणे आहे त्याला) परस्पर पैसे दिले, तर केवळ पावतीवर विसंबू नये आणि ३० दिवसांत न्यायालयात त्याची नोंद करून घ्यावी, कारण नोंद नसलेली परतफेड दरखास्तीत धरली जात नाही.