काकांचा रन रेट कुठे गेला?

इंदूरच्या रामबागेत आमच्या काकांच्या घरी संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ टीव्ही काकूंचा असतो, मग आयपीएल असो की वर्ल्ड कपची फायनल, तो कायदा बदलत नाही. त्यामुळे काका मॅच मोबाइलवर वाचतात. बघत नाहीत, वाचतात. स्कोअरचं एक अ‍ॅप आहे, गेली सात-आठ वर्षं तेच, डाव्या कोपऱ्यात स्कोअर, त्याच्या खाली लागणारा रन रेट, मग दोघं बॅट्समन, मग बॉलर, आणि मग एकेका बॉलची एकेक ओळ. सेव-परमलच्या, म्हणजे शेव-कुरमुऱ्यांच्या, वाटीवर जीरावन मसाला भुरभुरता भुरभुरता काका अर्धी नजर तिकडे टाकणार आणि निकाल सुनावणार, "गेली ही मॅच," किंवा "रजत आहे तोवर चिंता नाही." रजत म्हणजे आपला इंदूरचा रजत पाटीदार. २०२५ मध्ये त्याच्या कप्तानीत बेंगळुरूनं पहिल्यांदा आयपीएल जिंकलं तेव्हा काकांनी गल्लीत जिलब्या वाटल्या होत्या, बेंगळुरू शहर आयुष्यात एकदाही न बघता.

तर एके संध्याकाळी ते अ‍ॅप आपोआप अपडेट झालं. ज्या मीडिया कंपनीचं ते आहे तिनं सगळं रूपच पालटून टाकलं, पांढऱ्याचं काळं झालं, वरती अर्धा स्क्रीन भरेल एवढा फोटो, मग व्हिडिओ, स्कोअर एका बारीक पट्टीत, आणि रन रेट बघायचा तर आणखी एक बटण दाबून आत जायचं. तीन ओव्हर राहिलेल्या, आणि काका ओरडले, "अरे भिया, हे काय करून ठेवलंय यांनी? रन रेट कुठे गेला?"

"गेला असेल सराफ्यात चाट खायला," काकू टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाल्या.

माझा चुलतभाऊ आयटीत आहे, त्यानं फोन हातात घेतला, दोन मिनिटं बघितला आणि म्हणाला, "बाबा, माहिती सगळी तीच आहे, फक्त जागा बदललीय." काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं फोन गुपचूप परत दिला.

मला मात्र त्याचं ते "फक्त जागा" डोक्यात राहून गेलं, कारण अनुभवी माणसाची बरीचशी हुशारी जागेतच भरलेली असते आणि हे लोकांनी चक्क मोजून बघितलंय. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या दोघा संशोधकांनी बुद्धिबळाचे खेळाडू बसवले, पट फक्त पाच सेकंद दाखवायचा, मग झाकायचा, आणि म्हणायचं आता आठवून मोहरे लावा. खऱ्या डावातला पट असला की मास्टर पहिल्याच नजरेत साधारण सोळा मोहरे बरोबर लावायचा आणि नवशिक्या चार. इथवर वाटतं की मास्टरची स्मरणशक्तीच दांडगी. पण मग त्यांनी तेच मोहरे पटावर कसेही, अर्थ नसलेले, विखरून ठेवले, आणि मास्टरची सगळी जादू उतरली, तोही नवशिक्याइतकेच जेमतेम तीन-चार मोहरे लावू शकला. म्हणजे मास्टर एकेक मोहरा लक्षात ठेवतच नव्हता. राजा, त्याच्यापुढची तीन प्यादी आणि शेजारचा हत्ती असा अख्खा गठ्ठा त्याला एकदम ओळखीचा दिसायचा, आपल्याला ओळखीचा चेहरा दिसतो तसा, आधी नाक मग डोळे असं करत आपण कुठे बसतो. त्याचे गठ्ठेच मोडले की मास्टर आणि मी सारखेच.

काकांचं हेच झालं. १६८ वर ४, खाली ११.२, खाली रजत ४१, हा त्यांच्यासाठी एक गठ्ठा होता, एका नजरेत गिळायचा. आता तेच आकडे पटावर विखरून ठेवलेत. सात-आठ वर्षांचा मास्टर एका अपडेटमध्ये नवशिक्या, आणि तेही तीन ओव्हर राहिलेल्या असताना.

यात आणखी एक गंमत आहे. असं कौशल्य आपल्याकडे आहे हे आपल्यालाच माहीत नसतं. हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन माणसाचं १९५३ मध्ये फिट्स थांबवण्यासाठी मेंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर त्याला नवीन काही आठवेचना, सकाळी भेटलेला डॉक्टर दुपारी अनोळखी. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, जे करून बघा, हात भलतीकडेच जातो. तीन दिवसांत मोलेसनचा हात छान बसला, आणि दर वेळी तो सांगायचा की हे मी आयुष्यात पहिल्यांदाच करतोय! हाताची शिकवण मेंदूत वेगळ्या खात्यात जमा होते आणि त्या खात्याचं पासबुक आपल्याला मिळत नाही. जुन्या घरातलं दिव्याचं बटण वायरमननं दुसऱ्या भिंतीवर नेलं की महिनाभर हात कोऱ्या भिंतीवर आपटत राहतो ना, तेच. म्हणून असं काही हरवलं तर "माझी सवय मोडली" असं कुणी म्हणत नाही, सगळे म्हणतात "भंगार डिझाइन आहे."

आता भंगार होतं की नाही हा वेगळा प्रश्न, आणि तो पहिल्या दिवशी सुटतच नाही कारण नुसतं ओळखीचं असणं हेसुद्धा आपल्याला चांगलं असणंच वाटतं. रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये हे दाखवलं, आणि पुढच्या वर्षी एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं. मिशिगनमधल्या दोन विद्यापीठांच्या पेपरात रोज एका चौकोनात फक्त एक अनोळखी शब्द छापायचा. कादिर्गा. सारिचिक. अर्थ नाही, खुलासा नाही, जाहिरात कसली तेही नाही. काही शब्द एकदाच आले, काही पंचवीस वेळा, आणि एका विद्यापीठात जो वारंवार यायचा तो दुसरीकडे क्वचित. शेवटी पोरांना विचारलं की या शब्दाचा अर्थ चांगला असेल की वाईट, तर जो शब्द जास्त वेळा दिसलेला तोच चांगला! कादिर्गा पंचवीसदा बघून गोड वाटायला लागतो तर हजारो वेळा बघितलेला तो डावा कोपरा किती गोड असेल.

पण मग नवीन गोष्टही महिन्याभरात ओळखीची होणारच की. होतेच. टीव्हीवर मॅच लागली की कोपऱ्यात स्कोअर आणि घड्याळ असतं, ते नसेल तर आज आपण टीव्ही दुरुस्तीवाल्याला बोलवू. हे १९९२ मध्ये इंग्लंडात स्काय स्पोर्ट्स या चॅनलनं फुटबॉलमध्ये सुरू केलं, डेव्हिड हिल नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाच्या डोक्यातून. वरच्या साहेबांनी त्याला सांगितलं होतं की हा मूर्खपणा आहे, काढून टाक, आणि त्यानं काढलं नाही. १९९४ मध्ये तो तेच घेऊन अमेरिकेत फॉक्स या चॅनलकडे गेला तर तिथेही कुरकुर, स्क्रीनची जागा अडते म्हणून. आज त्या कुरकुरीचं कुणाला नावही आठवत नाही.

एवढ्यावर कंपन्या खूश होतात. लोक ओरडतात, मग गप्प बसतात, आपण चालू ठेवायचं. पण फॉक्सनंच १९९६ मध्ये आइस हॉकीत जे केलं ते बघा. बर्फावर ती काळी छोटी चकती नवीन प्रेक्षकाला दिसत नाही म्हणून तिच्या आत इलेक्ट्रॉनिक्स बसवलं, टीव्हीवर तिच्याभोवती निळा उजेड, आणि ताशी ११२ किलोमीटरच्या वर गेली की मागे लाल शेपूट, धूमकेतूसारखी. जुने हॉकीवाले पिसाळले आणि ते गप्प बसले नाहीत, १९९८ नंतर शेपूट बंद. मला विचाराल तर त्यांचं बरोबरच होतं. मुरलेल्या प्रेक्षकाची नजर चकतीच्या मागे पळत नाही, खेळाडू कसा वळला यावरून चकती आता कुठे जाणार ते त्याला आधीच कळतं, आणि त्याच्या डोळ्यासमोर तुम्ही निळा दिवा नाचवताय. ज्याला अजून दिसत नाही त्याच्यासाठी केलेली सोय, ज्याला दिसतंय त्याच्या डोळ्यात बोट. काकांच्या अ‍ॅपमधला तो मोठा फोटो अगदी याच जातीचा, नवीन गिऱ्हाइकासाठी लावलेला.

म्हणून पहिल्या आठवड्याच्या आरडाओरड्यावरून काही ठरवू नये, पण तो नंतरही चालू राहिला तर कान उघडे ठेवावेत. २०१८ मध्ये स्नॅपचॅटनं रूप बदललं, जुनं परत द्या म्हणून बारा लाखांच्या वर सह्या झाल्या. सह्या काय, लोक करतात. पण त्या वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीत रोजचे वापरणारे १९ कोटी १० लाखांवरून १८ कोटी ८० लाखांवर आले आणि त्याचं मुख्य कारण नवं डिझाइन हे कंपनीनं स्वतःच सांगितलं.

इथपर्यंत मी सगळा सवयीचाच हिशोब करत होतो. दहाएक दिवसांनी काकांकडे गेलो, गंमत म्हणून मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं आणि म्हटलं, काका, रन रेट सांगा. मी "सां" म्हणेपर्यंत त्यांनी सांगितला. म्हणजे हात बसला होता! नवीन गठ्ठे तयार. मी हे म्हणालो तर काका आणखीनच भडकले, "सापडतो रे, सापडत नाही असं कोण म्हणतंय? पण यांनी विचारलं का कुणाला?"

आणि इथे माझी थिअरी कोसळली. कारण ही तक्रार सवयीची नाहीच, ही मालकाची तक्रार आहे.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात बास्केटबॉलचं वेड इतकं की तिकिटासाठी पोरं तंबू ठोकून दिवसच्या दिवस रांगेत राहतात आणि शेवटी चिठ्ठ्या टाकतात. झिव कार्मोन आणि डॅन एरिअली यांनी, २००० मध्ये छापलेल्या अभ्यासात, चिठ्ठी लागलेल्यांना विचारलं की तिकीट केवढ्याला विकाल, आणि न लागलेल्यांना विचारलं केवढ्याला घ्याल. घेणारे सरासरी १७० डॉलर म्हणाले. विकणारे २,४०० च्या आसपास! चिठ्ठीच्या आदल्या दिवशी सगळे एकाच चिखलात, एकाच तंबूत. हातात आलेली गोष्ट आपली झाली की तिचा भाव आपल्यापुरता वेगळाच लागतो, आणि फॅनच्या बाबतीत तर हातात काही यावंही लागत नाही. रॉबर्ट चाल्डिनी आणि मंडळींनी १९७६ च्या पेपरात अमेरिकेतल्या सात विद्यापीठांचं मांडलंय, शनिवारी आपली टीम जिंकली की सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले टीशर्ट वर्गात जास्त दिसायचे. आणि फोन करून मॅचबद्दल विचारलं तर जिंकलेल्या मॅचला "आपण" जास्त यायचं, हरलेल्या मॅचला कमी. काकांचं ऐका, १९९९ च्या रणजी फायनलमध्ये कर्नाटकाकडून "ते हरले," आणि २०२२ मध्ये मुंबईला हरवून "आपण जिंकलो." शहर तेच बेंगळुरू, टीम तीच मध्य प्रदेश.

जिथे "आपण" आलं तिथे रंग, नाव, कोपरा सगळं घरातलं सामान होतं, आणि घरातलं सामान कुणी न विचारता हलवलं तर ते किती सोयीच्या जागी ठेवलंय याला काही अर्थ राहत नाही. वेल्समधला कार्डिफ सिटी फुटबॉल क्लब शंभरेक वर्षं निळ्यात खेळायचा, टोपणनावच ब्ल्यूबर्ड्स. २०१२ मध्ये मालकानं त्यांना लाल केलं. आता बघा, लालमध्ये ते २०१२-१३ ची खालची लीग जिंकून थेट प्रीमियर लीगमध्ये गेले, म्हणजे याच्यापेक्षा चांगला शकुन काय पाहिजे, आणि लाल रंग डोळ्यांना सवयीचाही झाला असणार. तरी लोक निळा निळा करत राहिले आणि जानेवारी २०१५ मध्ये निळा परत आला.

आम्हा इंदूरवाल्यांना हे समजायला वेल्सला जायला नको. होळकरांची टीम चार वेळा रणजी जिंकली, सी. के. नायडू, मुश्ताक अली, आणि मुश्ताकना टेस्टमधून वगळलं तर कलकत्त्यात १९४५ मध्ये लोकांनी "नो मुश्ताक, नो टेस्ट" म्हणून रान उठवलं. मग संस्थानं गेली, १९५४-५५ नंतर होळकर हे नाव रणजीतून गेलं, आधी मध्य भारत मग मध्य प्रदेश. आमचे आजोबा शेवटपर्यंत विचारायचे, "होळकरांचा स्कोअर काय झाला?" आणि घरात कुणी दुरुस्ती करायचं नाही. २०१० मध्ये उषाराजे स्टेडियमचं नाव होळकर स्टेडियम झालं, तेव्हा ते नव्हते.

परवा काकांकडे होतो. अ‍ॅपनं मधेच चौकट दाखवली, नवीन रूप कसं वाटलं, पाचपैकी तारे द्या. काकांनी चष्मा पुसला, एक तारा दिला, त्याखाली बोटानं शोधत शोधत "आधी विचारायचं होतं" एवढं टाइप केलं आणि पाठवलं. मग सेवेच्या वाटीकडे बघता बघताच अंगठा सरळ त्या आतल्या बटणावर गेला.

"ओव्हरला साडेनऊ लागताहेत," काका म्हणाले, "होऊन जातील."