मुखपृष्ठावर माड, आत काय? सुट्टीतला रोमान्स आणि किनाऱ्यावरची प्रेमकथा

निळं पाणी, दोन माड, आणि एकमेकांकडे न बघता शेजारी बसलेले दोघं. असं मुखपृष्ठ असलेल्या दोन कादंबऱ्या तारकर्लीला निघताना पिशवीत टाका. एक कुडाळ येईपर्यंत हसवत राहील, दुसरी रत्नागिरी मागे पडायच्या आत डोळ्यांत पाणी आणेल. दोन्हींत समुद्र आहे, अनोळखी माणसं आहेत, प्रेमात पडणं आहे. दुकानदारही त्या एकाच फळीवर ठेवतो, आणि हलकंफुलकं वाचायला म्हणून नेलेलं पुस्तक रडवून गेलं की वाचक लेखकावर चिडतो. लेखकाचा दोष नसतो. जात वेगळी असते.

पहिली जात सुट्टीतल्या रोमान्सची. इथे शेवटाची हमी असते. ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या १९८० साली सुरू झालेल्या लेखकसंघटनेच्या व्याख्येत दोनच अटी होत्या: प्रेमाची गोष्ट मध्यवर्ती हवी, आणि शेवट समाधान देणारा, आशेचा हवा. १९०८ साली लंडनमध्ये निघालेली ‘मिल्स अँड बून’ आधी सगळ्या प्रकारची पुस्तकं छापायची. तिचं नाव झालं ते मात्र या हमीवर. ‘शेवट आधीच माहीत असतो’ म्हणून या पुस्तकांना नाक मुरडणारे रहस्यकथेबद्दल तीच तक्रार करत नाहीत. तिथेही खुनी सापडणार हे ठाऊकच असतं की. ही दोघं एकत्र येतील का, हा इथे प्रश्नच नाही. कशी येतील, एवढंच वाचायचं असतं.

दुसरी जात प्रेमकथेची. प्रेम तिथेही मध्यभागी असतं, पण लेखकाने कसलंही वचन दिलेलं नसतं. दोघं दुरावतील, एखादा मरेल, एखादी भलत्याशीच लग्न करून मोकळी होईल.

शेवट बाजूला ठेवला तरी फरक राहतोच, कारण सुट्टी दोन्हीकडे वेगळं काम करते. रोमान्समध्ये सुट्टी म्हणजे घड्याळ. कोकण रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं (ऑक्टोबर २०२४ पर्यंत १२० दिवस आधी उघडायचं), म्हणजे नायकाला नायिका दिसायच्या कितीतरी आधी त्याच्या परतीची तारीख पक्की झालेली असते. ते तिकीट फाडायचं की गाडीत बसायचं, यावर पुस्तकाची निम्मी गंमत उभी असते. प्रेमकथेत सुट्टी बहुधा आठवण म्हणून येते. सांगणारा वीस वर्षांनंतर सांगत असतो, आणि ‘त्या मे महिन्यात’ असं पहिलं वाक्य दिसलं की मी रुमाल जवळ घेऊन बसते.

आता कोकणची खास अडचण. या प्रकारच्या पाश्चात्त्य पुस्तकांत दोन अनोळखी माणसं बेटावर भेटतात आणि आठवडाभर अनोळखी राहू शकतात. मालवणात हे कसं जमायचं? होमस्टेच्या ओटीवर पाय ठेवला की काकू विचारणार, “तुमी खंयचे?” मग आडनाव, मग मूळ गाव, मग कुणाच्यातले. संध्याकाळच्या सोलकढीपर्यंत दोघांपैकी एकाची आतेबहीण काकूंच्या पुतण्याच्या सासरची निघालेली असते. अनोळखीपण संपलं. आणि नेमकी इथेच गोष्ट दोनपैकी एका प्रकारात शिरते. रोमान्स असेल तर काकू हसत मदत करतात: जेवणाची पानं शेजारी मांडतात, “झील बरो आसा हां!” (मुलगा चांगला आहे हं!) असं तिला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणतात. प्रेमकथा असेल तर त्याच काकू त्याच रात्री मुंबईला फोन लावतात, आणि आडनावामागून जात, घराणं, जमिनीचा जुना वाद, सगळं येऊन ओटीवर बसतं. बाई तीच, ओटी तीच. एका पुस्तकात अडथळा या दोघांच्या मनात असतो, दुसऱ्यात तो बाहेर, माणसांत असतो. माझ्या मते हीच खरी खूण आहे, शेवटापेक्षाही.

पावसाचंही तसंच. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होतात, जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. रोमान्सचा लेखक त्यातून ‘अडकले बुवा’ एवढंच काढतो. दाभोळची शेवटची फेरीबोट चुकली, आता खाडीपलीकडच्या धोपाव्याला पोचायचं तर खेड-चिपळूणचा वळसा, आणि लॉजवर खोली एकच शिल्लक. (एकच खोली ही या प्रकारातली इतकी घासलेली युक्ती आहे की ती आली नाही तर चुकल्यासारखं वाटतं.) प्रेमकथेत शेवटची बोट चुकते तेव्हा पलीकडे कुणीतरी वाट बघून निघून गेलेलं असतं.

मला विचाराल तर मराठीत हलका सुट्टीतला रोमान्स लिहायला कोकणातल्या, कासवांसाठी ओळखल्या जाणाऱ्या वेळाससारखं गाव नाही. ऑलिव्ह रिडले कासवाची अंडी फुटायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, पण नेमका दिवस कुणाच्याच हातात नसतो. पिल्लं पाहायला मुंबई-पुण्याची माणसं गावातल्या घरांत उतरतात, पहाटे किनाऱ्यावर जातात, घरट्यावरची टोपली उचलली जाते आणि खाली नुसती वाळू निघते. मग संध्याकाळी परत. दोन अनोळखी माणसांना रोज दोनदा, बिनकामाचं, एकाच जागी उभं करणारी याहून चांगली सबब लेखकाला कुठे मिळणार?

एका ठिकाणी मात्र जाणकारही फसतात. रोमान्समध्येही पाऊण पुस्तक झालं की भांडण होतं, दोघं वेगळी होतात, पानं काळवंडतात. तिथे घाबरून पुस्तक मिटू नका. ताटातूट गैरसमजाने झाली असेल, म्हणजे दोघांनी दहा मिनिटं नीट बोलून मिटण्यासारखी असेल, तर तो रोमान्सच आहे. बोलूनही मिटणार नसेल, तर हातात दुसरं पुस्तक आलंय.

दुकानात उभ्याउभ्या शेवटचं पान वाचणाऱ्यांना हे काहीच लागत नाही. रोमान्सच्या बाबतीत मी त्याला लबाडीही म्हणणार नाही. तिथे शेवट कुणी लपवलेलाच नसतो.