साताऱ्याचे थोरले शाहू आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू

२६ जून, म्हणजे राजर्षी शाहूंची जयंती, जवळ आली की मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत एक वाक्य हमखास सापडतं: 'शिवरायांचे नातू छत्रपती शाहू महाराज, आरक्षणाचे जनक.' या एका ओळीत दोन माणसं एकमेकांत मिसळली आहेत. शिवरायांचे नातू वेगळे आणि आरक्षण देणारे वेगळे. पहिले वारले १७४९ मध्ये, दुसरे जन्मले १८७४ मध्ये. दोघांच्या मध्ये सव्वाशे वर्षं आहेत आणि शिवाय दोन वेगळ्या गाद्या आहेत. ही गाद्यांची गोष्ट नीट कळली की घोळ आपोआप सुटतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

साताऱ्याचे शाहू म्हणजे संभाजी महाराज आणि येसूबाई यांचे चिरंजीव. जन्म १६८२ चा, आताच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगावजवळच्या गांगवलीचा. १६८९ मध्ये आधी संभाजी महाराजांची हत्या झाली, मग रायगड पडला आणि सात वर्षांचे शाहू आईसह मोगलांच्या हाती लागले. पुढची अठरा वर्षं त्यांनी औरंगजेबाच्या छावणीत काढली. छावणी हलेल तसं हलायचं, सतत पहाऱ्यात राहायचं. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा हिने त्यांची काळजी घेतली, असं सांगतात. वयाच्या सातव्यापासून पंचविशीपर्यंत ज्याने शत्रूच्या तंबूत दिवस काढले, तो पुढे सूडाने पेटलेला राजा न होता जुळवून घेणारा, माणसं जोडणारा राजा झाला. मला त्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते, आणि आपल्याकडे तिचं म्हणावं तसं कौतुक झालेलं नाही.

१७०७ मध्ये औरंगजेब मेला. त्याचा मुलगा आझमशहा याने शाहूंना सोडून दिलं, पण येसूबाईंना ओलीस ठेवून घेतलं. इकडे शाहूंच्या काकू ताराबाई आपल्या मुलाच्या नावाने राज्य चालवत होत्या आणि औरंगजेबाशी झुंज देऊन त्यांनीच ते टिकवलं होतं. त्यांनी शाहूंना तोतया ठरवलं. खेडच्या लढाईत ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना येऊन मिळाले, पारडं फिरलं आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाई पन्हाळ्याकडे गेल्या. तिथून छत्रपतींच्या दोन गाद्या झाल्या, एक साताऱ्याची आणि एक कोल्हापूरची. १७३१ च्या वारणेच्या तहाने दोन्ही राज्यांमधली हद्द ठरली. म्हणजे कोल्हापूरची गादी वेगळी झाली तीच मुळी साताऱ्याच्या शाहूंना विरोध म्हणून.

थोरल्या शाहूंच्या कारकिर्दीचा पसारा मोठा आहे, पण त्यांची खरी ताकद माणसांच्या निवडीत दिसते. १७१३ मध्ये त्यांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं. १७१९ मध्ये बाळाजी दिल्लीहून स्वराज्याच्या, चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या (म्हणजे महसुलातला वाटा वसूल करण्याच्या हक्काच्या) सनदा घेऊन आले आणि येसूबाईही तब्बल तीस वर्षांनी मोकळ्या झाल्या. पुढच्याच वर्षी बाळाजी वारले, तेव्हा दरबारातल्या जुन्या जाणत्यांचा विरोध असतानाही शाहूंनी विशीतल्या बाजीरावांच्या अंगावर पेशवाईची वस्त्रं घातली. नर्मदेपलीकडे मराठी सत्ता पसरली ती या निर्णयामुळे. आपण बाजीरावांवर भरभरून बोलतो, पण त्यांना निवडणाऱ्याचं नाव घ्यायला विसरतो. अर्थात याची किंमतही होती. पेशवे मोठे होत गेले आणि शाहूंच्या पश्चात छत्रपती साताऱ्यापुरते उरले.

शाहूंना मुलगा नव्हता. अखेरच्या दिवसांत त्यांनी आपल्या हाताने दोन चिठ्ठ्या लिहिल्या. राज्य चालवण्याची आज्ञा नानासाहेब पेशव्यांना दिली आणि गादीसाठी कोल्हापूरचा वारस करू नये, असं बजावलं. डिसेंबर १७४९ मध्ये ते गेले. सातारा शहर त्यांनीच अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसवलं, म्हणून त्याला आजही शाहूनगरी म्हणतात. त्यांची समाधी जवळच संगम माहुलीला आहे.

कोल्हापूरचा वारस नको असं ज्या राजाने बजावलं, त्याच्याच नावाचा मुलगा जवळपास एकशे पस्तीस वर्षांनी कोल्हापूरच्या गादीवर बसला. कागलच्या जहागीरदार घाटगे घराण्यातला यशवंतराव हा तो मुलगा. कोल्हापूरचे चौथे शिवाजी १८८३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात असताना अहमदनगरला वारले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतलं आणि त्यांचं नाव शाहू ठेवलं. तेव्हा ते दहा वर्षांचेही नव्हते. राजकोट आणि धारवाडला शिक्षण झालं आणि २ एप्रिल १८९४ रोजी, विशी गाठण्याआधीच, राज्याचा कारभार त्यांच्या हाती आला.

एक फरक इथे लक्षात ठेवायला हवा. थोरले शाहू व्यवहारात स्वतंत्र राजे होते. युद्ध करायचं की तह, हे त्यांच्या हातात होतं. राजर्षींच्या डोक्यावर इंग्रजांची सत्ता होती. फौज घेऊन कुठे जाणं शक्यच नव्हतं. हातात काय होतं, तर एका संस्थानाची शाळा, कचेरी, जमीन आणि गॅझेट. त्यांनी तेवढ्यातच जे केलं त्याला तोड नाही.

कारभार हाती घेतला तेव्हा सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या. २६ जुलै १९०२ रोजी करवीर गॅझेटमध्ये हुकूम छापला गेला. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेत होते. तो हुकूम बारकाईने वाचण्यासारखा आहे. हुकूम पोचल्यापासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. मागासलेले कोण, तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेल्या जाती सोडून बाकी सगळे. ज्या कचेरीत या वर्गांचं प्रमाण निम्म्याहून कमी असेल तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातलीच झाली पाहिजे. आणि प्रत्येक खातेप्रमुखाने केलेल्या नेमणुकांचा तिमाही तक्ता सादर करायचा. या शेवटच्या कलमात राजर्षी दिसतात. नुसता हुकूम सोडला की खालचे लोक तो फायलीत दाबतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून हिशेब मागायची सोय त्यांनी हुकुमातच करून ठेवली.

नोकरी द्यायची तर शिकलेली मुलं हवीत, म्हणून वसतिगृहं. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग निघालं आणि मग जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा समाजांची एकामागून एक. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड बसू लागला. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यायचा हुकूमही त्यांनीच काढला.

यामागे स्वतःच्या अनुभवाचा चटका होता. १८९९ मध्ये पंचगंगेवर स्नानाच्या वेळी भटजी आपल्यासाठी वेदोक्त (वेदांतले, वरच्या वर्णांसाठीचे) मंत्र न म्हणता पुराणोक्त (पुराणांतले, शूद्रांसाठीचे) मंत्र म्हणतात, हे महाराजांच्या ध्यानात आलं. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्यालाही शूद्र ठरवलं जातं, तर गावकुसाबाहेरच्या माणसाचं काय होत असेल! पुढे गंगाराम कांबळे या त्यांच्या नोकराला सवर्णांच्या पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. मग तिथे स्वतः थांबून चहा घेतला आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजला. छत्रपतीच दलिताच्या हातचा चहा पितात म्हटल्यावर इतरांना नाही म्हणायला तोंड कुठे उरतं? कायद्याने जे झालं नसतं ते त्या एका कपाने केलं.

मार्च १९२० मध्ये अस्पृश्यांच्या माणगाव परिषदेत त्यांनी तरुण भीमराव आंबेडकरांकडे बोट दाखवून लोकांना सांगितलं की, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. त्याच वर्षी निघालेल्या आंबेडकरांच्या 'मूकनायक' या पाक्षिकालाही त्यांची मदत होती. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराज गेले. वय अवघं सत्तेचाळीस.

वाचताना ओळखायचं कसं? मजकुरात पेशवे, चौथाई, ताराबाई किंवा निजाम आले की ते साताऱ्याचे थोरले शाहू. बोर्डिंग, वेदोक्त, कुस्तीचं खासबाग मैदान, राधानगरीचं धरण किंवा आंबेडकर आले की कोल्हापूरचे. फेटा बांधलेल्या भारदस्त राजाचा कॅमेऱ्याने काढलेला फोटो दिसला तर ते राजर्षीच, कारण थोरल्या शाहूंच्या काळात कॅमेरा नव्हता, त्यांची फक्त चित्रं आहेत. 'राजर्षी' ही पदवी १९१९ मध्ये कानपूरच्या कुर्मी समाजाने दिली आणि ती कोल्हापूरच्या महाराजांचीच आहे. कानपूरच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे तेही हेच. 'छत्रपती' मात्र दोघांनाही लागतं, त्यामुळे त्या शब्दावरून काहीच ठरत नाही. म्हणून लिहिताना 'थोरले' किंवा 'राजर्षी' एवढं एक विशेषण जोडावं.

घोळ घालणारी आणखी दोन ठिकाणं सांगून ठेवतो. साताऱ्याच्या गादीवर पुढे आणखी एक शाहू झाले, प्रतापसिंह महाराजांचे वडील. ते १८०८ मध्ये वारले आणि त्यांच्या काळात खरी सत्ता पेशव्यांकडेच होती. आणि माणगावंही दोन आहेत. थोरल्या शाहूंच्या जन्मस्थळाजवळचं माणगाव रायगड जिल्ह्यात आहे, तर राजर्षी आणि आंबेडकर यांच्या परिषदेचं माणगाव कोल्हापूर जिल्ह्यात.