१.८ चे ब्रेक आणि स्पोर्ट ब्रेक: जुन्या एमएक्स-५ ला कोणते बसवावेत?

माझदाच्या पहिल्या पिढीतील एमएक्स-५ ला, म्हणजे जपानमधल्या युनोस रोडस्टरला, नंतरच्या गाडीचे ब्रेक बसवण्याचा विषय निघाला की ‘१.८ चे ब्रेक’ आणि ‘स्पोर्ट ब्रेक’ ही दोन नावे सर्रास एकाच अर्थाने वापरली जातात. दोन्ही माझदाचेच, दोन्ही मूळ ब्रेकपेक्षा मोठे आणि दोन्ही जुन्या गाडीच्या मूळ जागांवर बोल्टने बसणारे असल्यामुळे हा घोळ होतो. तरीही हे दोन वेगळे संच आहेत आणि चुकीचा संच घेतला तर चाकच चढत नाही.

१९८९ मध्ये आलेल्या १६०० सीसीच्या गाडीत पुढची डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी) २३५ मिमी आणि मागची २३१ मिमी व्यासाची होती. १९९४ च्या मॉडेलला १८०० सीसीचे इंजिन मिळाले, त्याबरोबर डिस्कही अनुक्रमे २५५ आणि २५१ मिमीच्या झाल्या, हे १.८ चे ब्रेक. स्पोर्ट ब्रेक २००१ पासून दुसऱ्या पिढीच्या काही गाड्यांवर आले. त्यांत पुढची डिस्क २७० मिमी आणि मागची चक्क २७६ मिमी आहे. मागची डिस्क मोठी पाहून अनेकांना डबे उलटसुलट भरले गेल्याची शंका येते, पण ओळख सोपी आहे: पुढच्या डिस्कच्या कडेला दोन पत्र्यांमध्ये हवा खेळायला पोकळी दिसते, मागची डिस्क भरीव असते.

१.८ चा संच मूळच्या १४ इंची चाकात मावतो. त्यात मुख्य बदल कॅलिपर, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग, धरणाऱ्या ब्रॅकेटचा आहे, कारण मोठ्या डिस्कसाठी कॅलिपर थोडा बाहेर सरकावा लागतो; डिस्क आणि पॅड अर्थातच त्या मापाचे लागतात. स्पोर्ट ब्रेकसाठी मात्र किमान १५ इंची चाके हवीत आणि त्यांतही रिमचा आतला आकार कॅलिपरला घासत नाही ना, हे चाक हाताने फिरवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चाके आणि टायर यांचा खर्च धरला, तर ज्याची गाडी मुख्यतः रस्त्यावर चालते त्याच्यासाठी १.८ चा संचच योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोठ्या डिस्कमुळे गाडी कमी अंतरात थांबेल, ही समजूत दोन्ही संचांबाबत आढळते. एकदाच करकचून ब्रेक दाबला तर १६०० सीसीच्या गाडीचे मूळ ब्रेकही चाके जाम करू शकतात. तिथून पुढे अंतर ठरवतो तो टायर. मोठ्या डिस्कचा खरा उपयोग उष्णता सामावून घेण्यात आहे. ताशी १०० किमी वेगावरून थांबताना जेवढी उष्णता तयार होते, तिच्या अडीचपट ताशी १६० किमी वेगावरून थांबताना होते, आणि रेस ट्रॅकवर हे दर फेरीत अनेकदा घडते. तिथे लहान डिस्क तापून पॅडची पकड सुटू लागते आणि ब्रेक ऑइल उकळले तर पेडल मऊ पडून खाली जाते. म्हणून संच कोणताही घ्या, ब्रेक ऑइल त्याच वेळी बदला. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सियस असतो, पण ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते.

पुढचा आणि मागचा संच एकत्रच बदलावा. मूळ १६०० च्या तुलनेत स्पोर्ट संचात पुढच्या डिस्कचा व्यास सुमारे १५ टक्के वाढतो, तर मागच्या डिस्कचा १९ टक्क्यांहून अधिक. तेव्हा फक्त मागचा भाग बसवला तर मागची चाके आधी जाम होऊन गाडी गरकन फिरण्याचा धोका खराखुरा आहे.

मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा असते, त्यामुळे त्याचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही. कॅलिपरच्या मागचा छोटा बोल्ट काढला की आत ४ मिमीच्या ॲलन कीची जागा दिसते. ती की घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत पॅड डिस्कला टेकवायचे आणि मग सुमारे एक तृतीयांश फेरा मागे घ्यायचा. हे राहून गेले तर पेडल खोल जाते आणि पाइपमध्ये हवा राहिली आहे असे समजून माणूस तासन् तास ब्रेक ऑइल काढत बसतो.