काकड्याला पांढरीच डोकी का दिसतात?

कार्तिक महिन्यात आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरात पहाटे काकडा असतो. चाळीस वर्षांपूर्वी आजीचं बोट धरून मी जायचो, तेव्हा समोर बसलेली जवळजवळ सगळी डोकी पांढरी असायची. मागच्या कार्तिकात गेलो, तर पुन्हा तेच दृश्य. तेव्हाची माणसं मात्र आता राहिलेली नाहीत. आज पखवाजाशेजारी मांडी घालून बसणारे नाना तेव्हा मंदिराकडे फिरकतही नव्हते. उलट टाळांच्या आवाजाने झोपमोड होते म्हणून कुरकुर करायचे. मग मधल्या काळात नानांचं काय झालं?

"वय झालं की देव आठवतो," हे उत्तर आपल्याकडे तयारच असतं. ते खरं की खोटं हे तपासायला गेलं, की भलतंच अवघड जातं.

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने २०१८ साली १०६ देशांमधल्या पाहण्यांचे आकडे एकत्र मांडले. त्यांतल्या ४६ देशांत, धर्म आपल्या आयुष्यात फार महत्त्वाचा आहे असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण चाळिशीच्या आतल्या लोकांत वडीलधाऱ्यांपेक्षा कमी होतं. ५८ देशांत दोन्ही वयोगटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. घाना आणि जॉर्जिया या दोनच देशांत तरुण मंडळी थोरांपेक्षा अधिक धार्मिक निघाली.

आता यावरून वयाबरोबर श्रद्धा वाढते असं म्हणता येईल का? नाही. आजची सत्तरीतली माणसं ज्या काळात वाढली तो काळच वेगळा होता. कदाचित ती विशीतही इतकीच धार्मिक असतील आणि आजची विशीतली पोरं सत्तरीतही आजच्यासारखीच राहतील. तसं असेल तर तो फरक वयाचा नाही, पिढीचा आहे. जॉर्जियाचंच बघा. तिथले वयस्कर लोक सोव्हिएत राजवटीत, निरीश्वरवादी सरकारच्या शाळांत शिकले. तरुण वाढले ते १९९१ नंतर, चर्चची दारं मोकळी झाल्यावर. तिथला उलटा आकडा वयाने नव्हे, इतिहासाने घडवलेला आहे. एकदाच केलेली पाहणी म्हणजे एकच फोटो. फोटोतल्या आजोबांचे केस पांढरे दिसतात, ते कधी पांढरे झाले हे त्यातून कळत नाही.

यावर उपाय एकच. त्याच माणसांना पुन्हा पुन्हा, अनेक दशकं भेटत राहायचं. असे अभ्यास फार थोडे आहेत, कारण संशोधकाच्या एका आयुष्यात ते संपत नाहीत. कॅलिफोर्नियात बर्कली आणि ओकलंड इथे १९२०-२१ आणि १९२८-२९ साली जन्मलेल्या मुलांचा अभ्यास १९३०च्या सुमारास सुरू झाला. ती मुलं मोठी झाली, संसाराला लागली, म्हातारी झाली आणि दर काही वर्षांनी त्यांच्या मुलाखती होत राहिल्या. पॉल विंक आणि मिशेल डिलन या अभ्यासकांनी हा सगळा साठा उघडून त्यात श्रद्धेचा माग काढला.

त्यांना जे सापडलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी धार्मिकता आणि अध्यात्म वेगवेगळं मोजलं. चर्चला जाणं, प्रार्थना, परंपरेचं पालन ही झाली धार्मिकता. आपल्या मनाने शोध घेणं, ध्यान, रोजच्या जगण्यापलीकडचं काही आहे याची जाणीव जोपासणं हे झालं अध्यात्म. धार्मिकता तरुणपणी बऱ्यापैकी होती, चाळिशी-पन्नाशीत ओसरली आणि साठीपुढे पुन्हा थोडी चढली. मात्र माणसांची आपापसातली रांग फारशी बदलली नाही. तिशीत जो इतरांपेक्षा जास्त धार्मिक होता, तो सत्तरीतही बहुधा पुढेच होता. अध्यात्माची गोष्ट निराळी. पन्नाशीच्या उत्तरार्धापासून सत्तरीपर्यंत ते सगळ्यांमध्येच ठळकपणे वाढलं, आणि बायकांत पुरुषांपेक्षा भराभर वाढलं. तरुणपणी ज्या स्त्रिया आत डोकावून बघणाऱ्या होत्या आणि ज्यांच्या वाट्याला दुःखाचे प्रसंगही आले होते, त्यांच्यात ही वाढ अधिक दिसली. नुसतं दुःख पुरलं नाही, नुसती विचारी वृत्तीही नाही. दोन्ही एकत्र यावं लागलं.

म्हणजे आपल्या समजुतीत तथ्य आहे, पण अर्धंच. वय श्रद्धेला हात लावतं, पण कोऱ्या पाटीवर ते काही लिहीत नाही. आमच्या नानांच्या आई रोज हरिपाठ म्हणायच्या, हे मला नंतर कळलं.

घरातून काय मिळतं यावर दक्षिण कॅलिफोर्नियातच व्हर्न बेंगट्सन यांनी १९७१च्या सुमारास काम सुरू केलं. आजी-आजोबा, आई-वडील आणि मुलं अशा तीन-तीन पिढ्यांची शेकडो कुटुंबं त्यांनी पस्तीस वर्षांच्या वर पाहिली. श्रद्धा पुढच्या पिढीत जाते का, हे घरातल्या मायेवर बरंच अवलंबून असतं असं त्यांना दिसलं, विशेषतः वडिलांशी असलेल्या जवळिकीवर. वडील स्वतः कितीही धार्मिक असोत, ते दुरावलेले, नुसता धाक दाखवणारे असले तर मुलं त्या वाटेने जाण्याची शक्यता कमी. शुभंकरोतीसाठी पाठीत धपाटे घालणाऱ्या प्रत्येक घराने हे मनावर घ्यावं असं मला कळकळीने वाटतं.

लहान मुलाच्या मनात देव नेमका कसा असतो, हे शोधायला जस्टिन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २००१ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलाला बिस्किटांचा डबा दाखवायचा. आत काय असेल? "बिस्किटं!" डबा उघडायचा, आत निघतात खडे. डबा पुन्हा बंद. आता विचारायचं, तुझ्या आईने डबा उघडून पाहिलेला नाही, आत काय आहे असं तिला वाटेल? आणि देवाला? तीन-चार वर्षांची बरीच मुलं सांगतात, खडे. आईलाही ठाऊक, देवालाही ठाऊक. पाच-सहाव्या वर्षी उत्तर फुटतं. आईला वाटेल बिस्किटं, देवाला मात्र कळेल खडे. त्याआधी मुलाच्या लेखी आईसुद्धा सर्वज्ञ असते. मग एके दिवशी तिचं सर्वज्ञपण सुटतं आणि देवाचं उरतं.

पौगंडावस्थेपुढे आणखी एक बदल होतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या जुळ्या पुरुषांवरच्या २००५ सालच्या एका अभ्यासात, किशोरवयातल्या धार्मिकतेत माणसामाणसांत जो फरक असतो त्यातला सुमारे ५६ टक्के वाटा घरच्या सामायिक वातावरणाचा निघाला आणि १२ टक्के अनुवंशाचा. मोठेपणी हेच आकडे १८ आणि ४४ टक्के झाले. (किशोरवयाची माहिती त्यांनी आठवून दिलेली होती, हे ध्यानात ठेवायला हवं.) याचा अर्थ श्रद्धेचं एखादं जनुक असतं असा नाही. घर सुटलं की माणूस आपल्या स्वभावाला मानवेल ते धरतो, बाकीचं हळूहळू गळतं, इतकाच.

अर्थात हे सगळं सरासरीचं बोलणं झालं. ज्ञानेश्वर समाधिस्थ झाले १२९६ साली, पारंपरिक गणनेप्रमाणे अवघ्या एकविसाव्या वर्षी. मुक्ताबाई त्यांच्याहून लहान.

उतारवयात नेमकं काय बदलत असावं? स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन यांचं म्हणणं असं की, माणसाचं वागणं झालेल्या वयापेक्षा उरलेल्या वेळाच्या अंदाजाने ठरतं. पुढे पुष्कळ वेळ आहे असं वाटतं तेव्हा माणूस ओळखी वाढवतो, नवं शिकतो, साठवतो. वेळ थोडा उरला असं वाटू लागलं की जवळची चार माणसं आणि मनाला अर्थपूर्ण वाटेल ते तेवढं जवळ ठेवतो. हा सिद्धांत मुळात नात्यांविषयीचा आहे. देवाशी असलेलं नातंही त्यात बसतं असं मला आजीकडे पाहून वाटतं.

शेवटची दोन वर्षं आजी अंथरुणावर होती. गुडघे गेले, मंदिर सुटलं. मग दृष्टी गेली, पोथी सुटली. हाताची पकड गेली तशी तुळशीची माळही सुटली. पण दुपारी पाहावं तर अंगठा तर्जनीच्या पेरांवरून सरकत असायचा, मणी ओढावा तसा. मंदिरात किती वेळा जाता, पोथी किती वेळा वाचता, असं कुणी तिला विचारलं असतं तर "आता नाही रे बाळा," असंच तिने सांगितलं असतं. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात १९८२ पासून पासष्टीपुढच्या २,८१२ लोकांचा अभ्यास झाला, त्यातही हेच दिसलं. आयुष्याच्या शेवटच्या वर्षात प्रार्थनास्थळी जाणं घटतं, पण धर्मातून मिळणारं बळ टिकून राहतं, किंचित वाढतंही.

सगळ्यांचं असं होत नाही. केनेथ पार्गामेंट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी पंचावन्नपुढच्या ५९६ रुग्णांना रुग्णालयात गाठून पुढे दोन वर्षं त्यांचा पाठपुरावा केला. देवाने मला टाकलं का, त्याची माझ्यावर माया उरली आहे का, अशा प्रश्नांशी जे झगडत होते, त्यांच्यात मृत्यूची जोखीम १९ ते २८ टक्क्यांनी जास्त आढळली, आजाराची तीव्रता आणि मनाची उदासी हिशेबात धरूनही. हा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. यातून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण तो झगडा माणसाला आतून पोखरत असावा असा संशय घ्यायला पुरेसा आधार मिळतो.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या शेजारचे काका आठवले. तरणा मुलगा गेल्यावर, सत्तरीत, त्यांनी देवघरावर धुतलेलं धोतर टाकून ते झाकून ठेवलं. चाळीस वर्षांची पूजा एका दिवसात थांबली. "देवावर रुसलेत, येतील वळणावर," असं आम्ही सगळे म्हणत होतो. त्यांच्याजवळ जाऊन बसून, काय वाटतंय काका, असं त्या वर्षभरात कुणीच विचारलं नाही. मीही नाही.