अणुबॉम्ब पडद्यावर यायला इतकी वर्षे का लागली

रत्नागिरी, राजापूर, देवगड या पट्ट्यात अण्वस्त्रांवरचा माहितीपट दाखवून तज्ज्ञांशी चर्चा ठेवली, की पहिल्या दोन-तीन प्रश्नांत जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प येतोच. साहजिक आहे. माडबनची जमीन गेली, साखरी नाट्याचे मच्छीमार रस्त्यावर उतरले, एप्रिल २०११ मध्ये गोळीबारात एकाचा जीव गेला. पण बॉम्बचा विषय दर्यावर्दी माणसाला भिडावा असे कारण त्याही आधीचे आहे, आणि ते मासेमारीतलेच आहे.

६ आणि ९ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमा, नागासाकी बेचिराख झाली. जपानी कॅमेरामननी तिथे जाऊन चित्रीकरण केले. अमेरिकी लष्कराने ते ताब्यात घेतले. जपानला त्याची प्रत मिळाली थेट १९६७ साली. वृत्तपत्रांवरही सेन्सॉर होता. ज्यांच्यावर बॉम्ब पडला त्यांनाच त्याची दृश्ये पाहू दिली नाहीत, ही गोष्ट मला बॉम्बइतकीच भयंकर वाटते.

मौन फोडले ते एका मासेमारी बोटीने. १ मार्च १९५४ च्या पहाटे अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. स्फोट १५ मेगाटनांचा झाला, अंदाजाच्या अडीचपट आणि हिरोशिमाच्या सुमारे हजारपट. ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही जपानी बोट तेव्हा जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर कुपा (ट्यूना मासा) पकडत होती. २३ खलाशी. पश्चिमेला अचानक उजेड फुटला, आवाज काही मिनिटांनी आला. काही तासांनी आभाळातून पांढरी भुकटी पडू लागली. स्फोटात चूर झालेले ते किरणोत्सारी प्रवाळ होते. केसांत, कानांत, कॉलरच्या आत ती साचली. एकाने जिभेवर ठेवूनही पाहिली. पण पाण्यात टाकलेले गळ सोडून जायचे कसे? मैलोन्‌मैल दोरी ओढून घेईपर्यंत सगळे त्या राखेतच राबले. संध्याकाळपासून मळमळ सुरू झाली, पुढे कातडी भाजल्यासारखी झाली, केस गळू लागले. १४ मार्चला बोट याइझू बंदरात आली आणि कोणाला काही कळायच्या आत मासळी बाजारातही गेली. मग टोकियोच्या बाजारात कुपा जमिनीत गाडावा लागला, लोकांनी मासे घेणे सोडले. २३ सप्टेंबरला बोटीचे रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा वारले.

टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी सह्यांची मोहीम चालवली. वर्षभरात देशभरातून ३ कोटींवर सह्या जमल्या. त्याच नोव्हेंबरात ‘गॉडझिला’ झळकला. त्याची सुरुवातच समुद्रात लखलखाट होऊन बुडणाऱ्या बोटीने होते. इकडे २ एप्रिललाच नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याची मागणी केली होती. १९६३ च्या अंशतः अणुचाचणीबंदी करारानंतर निदान हवेतल्या आणि समुद्रातल्या चाचण्यांना आळा बसला, तरी फ्रान्स आणि चीन त्याबाहेरच राहिले.

१८ मे १९७४ ला आपण पोखरणला स्फोट केला. त्यातले प्लुटोनियम मुंबईच्या खाडीकाठच्या ट्रॉम्बेतल्या ‘सायरस’ अणुभट्टीतले होते, आणि ती भट्टी कॅनडाने शांततामय वापरासाठी दिलेली. जैतापूरचा प्रकल्प विजेचा, परदेशी अणुभट्ट्यांचा आणि आंतरराष्ट्रीय तपासणीखाली राहणारा. तो वेगळाच मानायला हवा. तरीही ट्रॉम्बेचा इतिहास माहीत असलेल्या श्रोत्याने तो प्रश्न विचारला, तर विषयांतर म्हणून त्याला खाली बसवू नये.

मे १९९८ च्या चाचण्यांनंतर आनंद पटवर्धनांनी ‘जंग और अमन’ केला. सेन्सॉर मंडळाने त्यात बरेच कट सुचवले. पटवर्धन कोर्टात गेले आणि २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एकही कट न लावता तो दाखवायला परवानगी दिली. गावच्या सभागृहात आज असा माहितीपट लावता येतो, त्यामागे हा निकालही आहे.

अण्वस्त्रबंदीचा करार २०२१ पासून लागू आहे, पण भारतासह एकाही अण्वस्त्रधारी देशाने त्यावर सही केलेली नाही. बॉम्बमधून वाचलेल्यांच्या ‘निहोन हिदान्क्यो’ संघटनेला २०२४ चे शांततेचे नोबेल मिळाले. तिचे सदस्य आता ऐंशी-नव्वदीत आहेत आणि अजूनही शाळाशाळांतून आपली हकिगत सांगत आहेत.